घटक ६ : खिडकीतून दिसलेले दारिद्र्य आणि लिहिणाऱ्याचे उत्तरदायित्व

उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर प्रवासात नजरेस पडलेल्या दारिद्र्याचे वर्णन आणि त्याचे आकलन यांतील अंतर तुम्हांला स्पष्ट करता यावे. करुणेची ठरावीक भाषा ओळखता यावी. आणि आपल्या परिसरातील एका प्रवासाविषयी माहितीचा आधार असलेले गद्य लिहिता यावे, अशी अपेक्षा आहे.

प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, प्रवासवर्णनात स्थलवर्णन, व्यक्तिदर्शन आणि चिंतन यांची गुंफण असते, हे तुम्हांला ठाऊक आहे. प्रस्तुत घटकात आपण त्यांतील एका अवघड भागाकडे वळणार आहोत. प्रवासी बसलेला असतो, गाडी धावत असते आणि खिडकीबाहेर कोणाचे तरी कष्टाचे, उपासाचे आयुष्य क्षणभर दिसून मागे पडते. त्याविषयी लिहावे कसे? आणि लिहून झाल्यावर लिहिणाऱ्यावर काही उरते काय?

उदाहरणादाखल आपण ठाणे जिल्ह्यातील शहापूर आणि मुरबाड हे दोन तालुके घेऊ. मुंबईहून नाशिक, भुसावळ आणि त्यापलीकडे उत्तरेकडे वा पूर्वेकडे जाणाऱ्या गाड्या कल्याणनंतर टिटवाळा, खडवली, वासिंद, आसनगाव, आटगाव, खर्डी अशी स्थानके मागे टाकीत कसाऱ्याला येतात आणि थळ घाट चढून इगतपुरीला पोहोचतात. हा लोहमार्ग १८५५ मध्ये वासिंदपर्यंत, १८६१ मध्ये कसाऱ्यापर्यंत आणि १८६५ मध्ये घाट ओलांडून इगतपुरीपर्यंत खुला झाला. दीडशेहून अधिक वर्षे प्रवासी शहापूर तालुका खिडकीतून पाहत आले आहेत. तुमच्यापैकी अनेकजण नोकरी सांभाळून शिकतात; काहींनी ही पुस्तिका कसारा लोकलमध्येच उघडली असेल. तसे असल्यास हा घटक वाचताना अधूनमधून बाहेर पाहण्यास हरकत नाही.

एक नमुना परिच्छेद

‘मी पाहिलेले दारिद्र्य’ या विषयावरील निबंधात पुढील प्रकारचा मजकूर हमखास आढळतो. हा नमुना विवेचनासाठी रचलेला आहे.

“गाडी आसनगावच्या पुढे आली आणि खिडकीबाहेर वीटभट्टी दिसली. डोक्यावर विटांची रास घेऊन एक स्त्री चालली होती. तिच्यामागे उघडेनागडे मूल रडत होते. अठराविश्वे दारिद्र्य म्हणजे काय, हे मला त्या क्षणी कळले. माझे डोळे पाणावले. आपण समाजाचे काही देणे लागतो, या विचाराने मन सुन्न झाले. तेवढ्यात गाडीने वेग घेतला.”

या परिच्छेदाचे व्याकरण तपासा. त्या स्त्रीच्या वाट्याला एक वाक्य आले आहे, मुलाच्या वाट्याला एक. लिहिणाऱ्याच्या कळण्याला, डोळ्यांना आणि मनाला मात्र तीन वाक्ये मिळाली आहेत. परिच्छेद वीटभट्टीविषयी सुरू होतो आणि ‘माझ्या’ संवेदनशीलतेविषयी संपतो. भावना खोटी आहे असे नव्हे. कळवळा आल्याशिवाय कोणी दुसऱ्यांदा पाहत नाही, म्हणून त्याची चेष्टा करू नये. परंतु ‘मन सुन्न झाले’ असे लिहिताच वाक्याचे आणि विचाराचेही काम संपते. सुन्न झालेले मन पुढे प्रश्न विचारीत नाही.

‘अठराविश्वे दारिद्र्य’ हा शब्दप्रयोगही तपासून घ्या. त्याची एक व्युत्पत्ती अशी सांगतात की, विश्वे म्हणजे विसे, वीस. अठरा विसे म्हणजे तीनशे साठ. अर्थात वर्षाचे तीनशे साठही दिवस असणारे दारिद्र्य. अर्थ मोठा आहे. पण त्या स्त्रीचे दारिद्र्य खरोखर वर्षभर एकसारखे असते काय? येथे खिडकी आपल्याला फसवते. गाडीतून एक क्षण दिसतो आणि तोच क्षण म्हणजे सारे आयुष्य, असे आपण धरून चालतो. वस्तुतः या दारिद्र्याला ऋतू आहेत, महिने आहेत. आणि ते महिने समजले की कारणेही समजू लागतात.

वीटभट्टीचे वर्ष

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत कातकरी, ठाकूर, महादेव कोळी, वारली या आदिवासी जमातींची वस्ती आहे. त्यांपैकी कातकरी ही महाराष्ट्रातील विशेष असुरक्षित गणल्या गेलेल्या तीन आदिम जमातींपैकी एक. कोलाम आणि माडिया गोंड या अन्य दोन. खैराच्या लाकडापासून कात काढण्याच्या व्यवसायावरून या जमातीला हे नाव पडले. जंगलावरचा हक्क गेला तसा कातही गेला. नाव तेवढे राहिले. शेतजमीन फारच थोड्यांकडे, त्यामुळे दुसऱ्याच्या बांधावर किंवा भट्टीवर राबणे हेच बहुतेकांच्या वाट्याला आले.

आता वर्ष मोजू. आषाढात भाताची लावणी असते, तेव्हा मजुरी मिळते. लावणी आटोपली की काम थांबते. श्रावण-भाद्रपदात घरातले धान्य संपते, पावसामुळे आजार वाढतात आणि हातात पैसा नसतो. नेमक्या याच काळात भट्टीमालकाचा माणूस पाड्यावर येतो आणि पुढील हंगामासाठी ‘उचल’ देतो. कोणी ती आजारपणासाठी घेतो, कोणी लग्नासाठी, पुष्कळजण केवळ पोटासाठी. भातकापणी आणि दिवाळी झाली की कुटुंबेच्या कुटुंबे भिवंडी, कल्याण, शहापूर या भागांतल्या भट्ट्यांवर निघतात. कामाला माणूस एकटा लागत नाही, जोडपे लागते. एकाने चिखल मळायचा, दुसऱ्याने साचा मारायचा, मुलांनी ओल्या विटा उलटायच्या. राहायला भट्टीशेजारीच कच्च्या विटांची व पेंढ्याची बुटकी खोपटी असते. तिला ‘भोंगा’ म्हणतात. आठवड्याला बाजारापुरती ‘खर्ची’ मिळते. पावसाळा तोंडावर आला की हिशोब होतो: हजारी दराने पाडलेल्या विटांचे पैसे, त्यांतून खर्ची वजा, उचल वजा. उरलेच तर हातात, नाही तर बाकी पुढच्या हंगामावर.

म्हणजे आसनगावच्या पुढे आपल्याला दिसलेली विटांची रास ही त्या स्त्रीने मागील भाद्रपदात खाल्लेल्या तांदळाची फेड असू शकते. हे एक वाक्य ‘माझे डोळे पाणावले’ या वाक्यापेक्षा अधिक काही सांगते, कारण त्यात कार्यकारणभाव आहे.

येथे वाचकाच्या मनात स्वाभाविक शंका येईल: रोजगार हमी असताना भट्टीवर जावेच का लागते? महाराष्ट्राने १९७२ च्या दुष्काळाच्या अनुभवातून रोजगार हमी योजना आकारास आणली, वि. स. पागे यांचे नाव तिच्याशी जोडलेले आहे, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २००५ मध्ये देशपातळीवर त्याच धर्तीचा कायदा आला. तरी पाडे दिवाळीनंतर रिकामे होतात. उत्तराचा मोठा भाग काळाच्या गणितात आहे. हमीच्या कामाची मजुरी काम झाल्यावर, मोजमाप झाल्यावर, बँकेत जमा होते. उचल मात्र कामाच्या आधी, उपासाच्या महिन्यात, रोख हातात पडते. अज्ञानामुळे हे लोक सावकारी सापळ्यात अडकतात, असे सांगणाऱ्या निबंधांना ही गोष्ट दिसत नाही. भाद्रपदात घरात तांदूळ नसताना उचल घेणारा माणूस अडाणी नसतो. त्याच्यापुढे दुसरा पर्याय उभा नसतो.

तीन शब्द

आपण भाषेचे विद्यार्थी आहोत, म्हणून शब्दांपाशी थोडे थांबू. उचल घेतलेला मजूर ‘पैसे अंगावर आहेत’ असे म्हणतो. ‘माझ्याकडे देणे आहे’ आणि ‘माझ्या अंगावर आहे’ यांत फरक आहे: दुसऱ्या प्रयोगात कर्ज वहीत नसून शरीरावर आहे आणि ते शरीर राबवूनच उतरते.

दुसरा शब्द ‘खर्ची’. तिला मजुरी म्हणत नाहीत, हे ध्यानात घ्या. ती मजुराच्याच पैशातून दिली जाते, पण शब्दामुळे ती मालकाने चालवलेल्या पोटापाण्यासारखी भासते.

तिसरा शब्द सर्वांत जुना. संस्कृत ‘विष्टि’ म्हणजे बळजबरीने, बिनमोल करून घेतलेले काम; त्यापासून मराठीत ‘वेठ’ आला आणि पुढे ‘वेठबिगार’, ‘वेठीस धरणे’. आज लोकल अर्धा तास खोळंबली की ‘रेल्वेने प्रवाशांना वेठीस धरले’ असा मथळा छापून येतो. प्रयोग चुकीचा नाही, लक्षणेने अर्थ पसरतोच. तरी कसाऱ्याच्या वाटेवर खोळंबलेल्या गाडीत बसून हे वाक्य उच्चारणाऱ्याच्या खिडकीबाहेर वेठीचा मूळ अर्थ उभा असू शकतो, याची जाणीव मराठीच्या विद्यार्थ्याला असावी. राज्यघटनेच्या तेविसाव्या अनुच्छेदाने वेठबिगारी निषिद्ध ठरवली. १९७६ च्या कायद्याने वेठबिगार पद्धती रद्द झाली आणि तिच्याखालील कर्जेही विझली. १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकाम-मजुरांच्या प्रकरणात किमान वेतनाहून कमी मजुरीवर करून घेतलेले काम हेही सक्तीचे श्रमच होत, असा निर्णय दिला. त्याच वर्षी ठाणे जिल्ह्याच्या वसई तालुक्यात श्रमजीवी संघटना उभी राहिली आणि वेठबिगारांच्या मुक्ततेचे काम कायद्याच्या आधारे सुरू झाले. भट्ट्यांवरील मुलांसाठी विधायक संसद या संस्थेने चालवलेल्या शाळांना ‘भोंगाशाळा’ हे नाव मिळाले. झोपडीचे नाव शाळेला देण्यात मुलांच्या घराचा कमीपणा मानलेला नाही, हे मला मोलाचे वाटते.

टिटवाळा, १९४५

कळवळ्यापासून आकलनापर्यंतचा प्रवास मराठीत कोणी लिहून ठेवला आहे काय? याच लोहमार्गावरील टिटवाळा स्थानकापाशी त्याचा एक धागा सापडतो. जानेवारी १९४५ मध्ये महाराष्ट्रातील किसान सभेचे अधिवेशन टिटवाळा येथे भरले. गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर हे त्याचे प्रमुख संघटक होते. ठाणे जिल्ह्याच्या उत्तर टोकाकडील उंबरगाव भागातून काही वारली तेथे आले आणि जमीनदारांकडे करावी लागणारी वेठ त्यांनी सभेत मांडली.

गोदावरीबाई पुण्याच्या सुस्थित घरातल्या, कायद्याच्या पदवीधर, भारत सेवक समाजात काम केलेल्या. त्या काळच्या सुशिक्षित स्त्रीला आदिवासींविषयी सहानुभूती वाटणे आणि तिने एखादा लेख लिहून मोकळे होणे शक्य होते. त्या वारल्यांच्या झोपड्यांत जाऊन राहिल्या, त्यांच्याबरोबर पायी हिंडल्या, त्यांचे अन्न खाल्ले. मे १९४५ मध्ये झरी येथे भरलेल्या परिषदेत वेठ न करण्याचा निर्धार झाला. पावसाळ्यानंतर गवतकापणीच्या मजुरीचा प्रश्न आला, तेव्हा मागणी होती पाचशे पौंड गवताला अडीच रुपये. त्या आंदोलनात ऑक्टोबर १९४५ मध्ये तलवाड्यास गोळीबार झाला आणि जेठ्या गांगडसह पाचजण मृत्युमुखी पडले.

या अनुभवावरील ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे गोदावरीबाईंचे पुस्तक पंचवीस वर्षांनी, १९७० मध्ये प्रसिद्ध झाले आणि १९७२ मध्ये त्यास साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. साहित्याचे विद्यार्थी म्हणून आपण एवढेच टिपू की, या लढ्याच्या केंद्रस्थानी ‘न्याय द्या’ यासारखे मोठे वाक्य नव्हते. वजन आणि दाम होते. ‘पाचशे पौंडाला अडीच रुपये’ हे शब्द रूक्ष वाटतात खरे. पण ज्या माणसाच्या कामाला कधी दरच नव्हता, त्याच्या दृष्टीने दर ठरणे म्हणजे आपले श्रम मोजले जाणे, आणि नाही म्हणण्याचा अधिकार मिळणे. चांगल्या सामाजिक गद्यात आकडा अलंकारासारखा येत नाही. तोच कथनाचा कणा असतो.

(त्याआधी १९३९ मध्ये सायमिंग्टन या ब्रिटिश अधिकाऱ्याने मुंबई प्रांतातील आदिवासींविषयीचा अहवाल सरकारला सादर केला होता. वेठीची नोंद त्यातही आहे. नोंद झाली, वेठ राहिली. साक्षीदार होणे पुरेसे नसते, हे पाहण्यासाठी अहवाल आणि आंदोलन यांच्यातली ती सहा वर्षे उपयोगी आहेत.)

पाणी, आणि गाडी न जाणारा तालुका

आटगाव स्थानकावरून तानसा धरणाकडे रस्ता जातो. तानसा १८९२ मध्ये पूर्ण झाले. मोडकसागर १९५० च्या दशकात. भातसाही याच शहापूर तालुक्यात आहे आणि मुंबईच्या पाण्याचा जवळजवळ निम्मा वाटा त्यातून येतो. गाडीच्या डब्यात मुंबईकर प्रवाशाने घरून भरून आणलेली पाण्याची बाटली असते. ते पाणी बहुधा याच तालुक्याचे असते. आणि याच तालुक्यातील कितीतरी पाडे दर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. पाऊस येथे धो धो पडतो, परंतु डोंगरउतारावरून धरणांत उतरतो. वर राहणाऱ्यांच्या विहिरी मार्चपासून आटू लागतात. खिडकीतून हंडे घेऊन चाललेल्या बायका दिसल्या तर ‘दुष्काळ’ असा शब्द लिहिण्यापूर्वी थांबा. हा दुष्काळ नव्हे. वाटपाचा प्रश्न आहे.

मुरबाडची गोष्ट वेगळी. कल्याणहून एस.टी. पकडून माळशेज घाटाच्या दिशेने गेले की मुरबाड येते. लोकलच्या खिडकीतून ते कधीच दिसत नाही. इतिहासाच्या पुस्तकात या तालुक्याचे नाव येते ते सिद्धगडामुळे, जेथे २ जानेवारी १९४३ रोजी भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मे झाले. वीज-मनोरे पाडणारे भाई कोतवाल आपल्या स्मरणात आहेत. सावकारीतून शेतकरी सुटावा म्हणून त्याआधी त्यांनी धान्यकोठ्या काढल्या होत्या, हे मात्र थोड्यांना ठाऊक असते. वर सांगितलेल्या भाद्रपदाशी त्या कोठ्यांचा थेट संबंध आहे.

अलीकडच्या काळातले उदाहरण काळू धरणाचे. वाढत्या महानगराला पाणी देण्यासाठी मुरबाड तालुक्यात काळू नदीवर धरण बांधण्याचे काम २०११ मध्ये वनखात्याची आवश्यक मंजुरी मिळण्याआधीच सुरू झाले. श्रमिक मुक्ती संघटनेच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये त्यास स्थगिती दिली. पुढेही या प्रकल्पाची चर्चा वेळोवेळी होत राहिली आहे. येथे लिहिणाऱ्यापुढे खरा पेच आहे. शहरालाही पाणी लागते, झोपडपट्टीतल्या नळालाही लागते. धरणाच्या बाजूने वा विरोधात लिहा; परंतु बुडणाऱ्या गावाच्या ग्रामसभेचा ठराव न वाचता लिहू नका. शहापूर तालुका पूर्णतः आणि मुरबाडमधील अनेक गावे अनुसूचित क्षेत्रात येतात. १९९६ च्या पेसा कायद्याने तेथील ग्रामसभेला विशेष स्थान दिले आहे. ते ठराव मराठीत असतात. मराठीचे पदवीधर ते वाचू शकतात.

लिहिणाऱ्यावर उरते काय?

डब्यात हात पसरणाऱ्याला पैसे द्यावेत की नाही, यावर निबंधांत बरीच शाई खर्च होते. तो निर्णय ज्याचा त्याचा आहे. त्यावर येथे अधिक बोलण्याची गरज नाही.

दूरशिक्षणाच्या विद्यार्थ्याची स्थिती मात्र विशेष आहे. तुम्ही केवळ प्रवासी नाही. तुमच्यात कोणी अंगणवाडी सेविका असेल, कोणी ग्रामपंचायतीत लिपिक, कोणी शिक्षक, कोणी रेशन दुकानात, कोणी पोलीस ठाण्यात. भट्टीवर गेलेल्या मुलाचे नाव पटावरून कमी करायचे की त्याला शिक्षण हमी कार्ड देऊन पाठवायचे, हे कोणातरी शिक्षकाच्या टेबलावर ठरते. वेठबिगारीची तक्रार तहसील कार्यालयात आली तर तिची पोच द्यायची की ‘साहेब नाहीत’ म्हणायचे, हे एखादा लिपिक ठरवतो. १९७६ च्या कायद्याने मुक्ततेचे काम जिल्हा आणि उपविभाग पातळीवर सोपवले आहे. म्हणजे ते दूर दिल्लीत होत नाही, आपल्याच जिल्ह्यात होते.

अशा ठिकाणी लागणारे लेखनही साहित्याच्या अभ्यासक्रमात सहसा येत नाही. अर्ज, जबाब, पंचनामा, ठराव हे गद्याचेच प्रकार आहेत. वनहक्क कायदा २००६ मध्ये आला. वनपट्ट्याच्या दाव्यात वडीलधाऱ्या माणसाचे कथन पुरावा म्हणून धरता येते. ते कथन कोणी कसे लिहून घेतले, यावर जमीन मिळणे वा न मिळणे अवलंबून राहू शकते. ‘आमचा आजा इथं नागली पेरायचा’ हे वाक्य लिहून घेणाऱ्याने ‘अर्जदाराचे पूर्वज सदर क्षेत्रात वास्तव्यास होते’ असे केले, तर भाषा शुद्ध होते आणि पेरणी नाहीशी होते. कसले पीक, कोणत्या ओढ्याच्या कडेला, कोणत्या मोठ्या पुराच्या आधी, हे त्या म्हाताऱ्याला ठाऊक असते. ते त्याच्या शब्दांत उतरवणे हे लेखनकौशल्य आहे आणि ते तुमच्याकडे असावे.

स्वाध्याय

१. वरील नमुना परिच्छेद पुन्हा लिहा. ‘मी’, ‘माझे’, ‘मन’ आणि ‘डोळे’ हे शब्द वापरू नका. वीटभट्टीच्या वर्षाविषयी या घटकात आलेल्या किमान तीन गोष्टींचा उपयोग करा. (सुमारे १५० शब्द)

२. ‘वेठ’, ‘उचल’, ‘खर्ची’, ‘अंगावर’ यांसारखे देण्याघेण्याशी निगडित पाच शब्द तुमच्या परिसरातील बोलीतून जमवा. प्रत्येक शब्द कोण, कोणाशी बोलताना वापरतो, ते नोंदवा.

३. क्षेत्रकार्य : तुमच्या नेहमीच्या मार्गावरील, गाडी वा एस.टी. थांबते पण तुम्ही कधी उतरत नाही, असे एक ठिकाण निवडा. तेथे उतरा. रानभाजी, करवंदे, पळसाची पाने वा अन्य काही विकणाऱ्या एखाद्या व्यक्तीशी, तिची हरकत नसल्यास, बोला. काही विकत घेतले तर भाव पाडून मागू नका. ती पहाटे किती वाजता निघाली, किती चालली, माल कोठून आणला, दिवसाकाठी किती सुटतात आणि पावसाळ्यात काय करते, हे विचारा. तिने उलट प्रश्न विचारल्यास उत्तरे द्या आणि ते प्रश्नही लिहून ठेवा. नाव लिहू नका, छायाचित्र काढू नका. सुमारे ४०० शब्दांचा वृत्तान्त तयार करून अभ्यासकेंद्रावरील संपर्कसत्रात वाचून दाखवा.